बदललेले इंजिन आणि तेलाचा कूलर

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला विषय विचारला, तेव्हा कामगार चळवळीतला माणूस म्हणजे बोनस, कंत्राटी पद्धत किंवा नव्या कामगार संहिता यांवर बोलणार, असे त्यांनी धरून ठेवले असावे. आम्ही ‘इंजिनाचा ऑइल कूलर’ असे सांगितल्यावर त्यांनी पुन्हा एकदा विचारून घेतले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ विषय येऊन गेले. तेलाने माखलेला हा विषय मात्र बहुधा आला नसावा. तथापि या विषयाच्या अज्ञानापायी माणसाच्या पगारावर गदा आलेली आम्ही पाहिली आहे, आणि त्या अज्ञानात आमचाही वाटा होता. म्हणून हा विषय घेतला.

आम्ही डोलवीचे. पेण तालुक्यात, वडखळजवळ, धरमतर खाडीच्या काठचे हे गाव. एके काळी भातशेती आणि मिठागरे यांचा हा मुलूख. १९९० नंतरच्या दशकात तेथे इस्पातचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि २०१० साली तो जिंदलांच्या जेएसडब्ल्यूकडे गेला. खाडीतून बार्जांनी कच्चा माल येतो आणि पोलादाची गुंडाळी रस्त्याने बाहेर पडते. साहजिकच आसपासच्या गावांत घरटी एखादा ड्रायव्हर, क्लीनर किंवा फिटर सापडतो. आम्ही स्वतः चौदाव्या वर्षी महामार्गावरच्या एका गॅरेजात पाने पुसायला लागलो. शाळा तेथेच सुटली. पुढे जे काही शिकलो ते रात्री वाचनालयात आणि दिवसा गाडीखाली उताणे पडून.

ट्रकच्या धंद्यात इंजिन बदलणे ही नवलाची गोष्ट नाही. गाडीची चौकट पंधरा वर्षे टिकते, इंजिन त्याआधीच थकते. दुरुस्तीचा खर्च ऐकला की मालक जुन्या बाजारातून, बहुधा कुर्ल्याहून, दुसरे वापरलेले इंजिन आणतो. कधी ते त्याच जातीचे असते, कधी अधिक ताकदीचे. ते चौकटीत बसवणे हे कौशल्याचे काम आहे आणि आमच्याकडचे उस्ताद ते चांगले करतात. गडबड होते ती इंजिनाच्या भोवतालच्या गोष्टींत. त्यांतही जी वस्तू सर्वांत शेवटी, घाईघाईने, ‘तीही जोडून टाक’ अशा थाटात बसवली जाते ती म्हणजे तेलाचा कूलर.

गोष्ट २०१३ सालच्या मार्चमधली. आमच्या युनियनचा एक सभासद एका मालकाच्या दहाचाकी ट्रकवर होता. मालक मोठा नव्हता. दोन गाड्या, दोन्हींवर कर्ज. बोरघाट चढताना त्या गाडीच्या इंजिनाची बेअरिंगे गेली. गाडी ओढून आणली, इंजिन उतरवले, आणि टर्बो असलेले एक वापरलेले इंजिन त्या जागी चढले. तीन आठवड्यांनी त्याच घाटात, जवळजवळ त्याच वळणावर, तेलाच्या दाबाचा काटा खाली आला, इंजिन ठोके देऊ लागले आणि जाम झाले. मालकाने सरळ निष्कर्ष काढला: ड्रायव्हरने तेल न पाहता गाडी हाकली. नुकसान ८५,००० रुपये. पगार १२,०००, त्यातून दरमहा ४,००० कापणार. ड्रायव्हर आमच्याकडे आला तेव्हा एवढेच म्हणाला, “खोपोलीला पट्टी काढून तेल पाहिलं होतं, भाऊ. वरच्या खुणेला होतं.”

त्याचे म्हणणे खरे कसे असू शकते, हे समजण्यासाठी इंजिनात तेल काय काम करते ते आधी पाहू.

बैलगाडीच्या आसाला ओंगण घालतात हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्यामुळे तेलाचे काम म्हणजे ‘घसरगुंडी करणे’ अशी आपली समजूत होते. इंजिनात प्रकार थोडा निराळा आहे. १८८३ साली इंग्लंडात बोशाम टॉवर नावाच्या इंजिनिअराने रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगावर प्रयोग केले. तेल घालण्याचे भांडे बसवावे म्हणून त्याने बेअरिंगाच्या माथ्यावर एक भोक पाडले. आस फिरू लागताच त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. त्याने बूच मारले, ते निघाले. लाकडी खुंटी मारली, तीही सरकून वर आली. शेवटी दाबमापक लावला, तर दर चौरस इंचाला २०० पौंडांहून अधिक दाब! म्हणजे फिरणारा आस स्वतःच तेल ओढून पाचरीसारखे आपल्याखाली घालत होता आणि त्या तेलावर तरंगत होता. त्याचे गणित १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने मांडले. आजही ट्रकचा क्रँक याच न्यायाने तेलावर तरंगतो. धातू धातूला लागतच नाही. मध्ये तेलाचा पडदा असतो. तो किती जाड? आपल्या केसाच्या जाडीचा विसावा हिस्सासुद्धा नव्हे. एवढ्याशा पडद्यावर वीस-पंचवीस टन गाडी घाट चढते.

हा पडदा टिकणे दोन गोष्टींवर अवलंबून. तेल पुरेसे घट्ट हवे आणि ते स्वच्छ हवे. काकवी थंड असताना चमच्याला लोंबते आणि तापवली की पाण्यासारखी ओघळते, तीच गत तेलाची. ट्रकमध्ये सर्रास घातले जाणारे तेल चाळीस अंशाला जितके घट्ट असते, त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतकेच शंभर अंशाला राहते. इंजिन बनवणाऱ्याने तो हिशेब धरलेला असतो. चेंबरमधले तेल नव्वद ते एकशेदहा अंशांच्या घरात राहावे अशी त्याची अपेक्षा असते. ते एकशेतीसवर गेले की आणखी निम्मे पातळ होते, आणि नुसते पातळच होत नाही, ते म्हातारे होते. ढोबळ नियम असा की, फार तापलेल्या तेलाचे तापमान दर दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्याने घटते. काही ड्रायव्हर यावर अधिक दाट नंबरचे तेल घालतात. काटा वर दिसतो, मन शांत होते. पण दाट तेल सकाळी थंड इंजिनात बेअरिंगापर्यंत पोहोचायलाच वेळ लावते, आणि उष्णता जिथल्या तिथे राहते ती राहतेच.

ही उष्णता येते कोठून? १३० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोराने चालले तर तासाला सुमारे पंचवीस लिटर डिझेल पिते. त्या डिझेलातल्या उष्णतेपैकी दोन-पंचमांशाहून थोडी कमीच चाकांच्या कामी येते. उरलेली धुराड्यातून आणि रेडिएटरच्या पाण्यातून निघून जाते. तरी काही वाटा तेलाकडे येतोच. तो वीस भागांतला एक भाग धरला तरी बारा किलोवॅट होतात. घरच्या न्हाणीघरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. असे सहा गिझर तेलाच्या चेंबरमध्ये एकाच वेळी चालू आहेत अशी कल्पना करा. टर्बो इंजिनात यात भर पडते. टर्बोची दांडी मिनिटाला लाखभर फेरे घेऊ शकते, तिच्या बेअरिंगांतून परतणारे तेल भाजून आलेले असते. शिवाय अशा पुष्कळ इंजिनांत पिस्टनच्या पोटावर तेलाची चिळकांडी मारून त्याला थंड ठेवतात. म्हणजे तेल हे तेथे वंगणही आहे आणि पाणक्याही आहे. जुन्या साध्या इंजिनाला नुसते चेंबर वाऱ्यावर राहिले तरी पुरे. टर्बो इंजिनाला कूलर हा चैनीचा दागिना नव्हे.

कूलर दोन जातींचे. एकात तेल पाण्याच्या शेजारून जाते आणि आपली उष्णता रेडिएटरच्या पाण्याला देते. हा बहुधा इंजिनाच्या अंगातच, फिल्टरच्या मागे बसवलेला असतो. दुसरा वाऱ्याचा, रेडिएटरच्या छोट्या भावासारखा दिसणारा. आमच्या गोष्टीतल्या इंजिनाला मुळात पहिल्या जातीचा कूलर होता. पण ते या चौकटीत उतरवताना फिल्टर आणि कूलर यांचे डोके स्टिअरिंगच्या पेटीला अडू लागले. उस्तादाने ते डोके काढले, फिल्टर बाजूला चौकटीवर नेऊन लावला, आणि कूलर म्हणून जुन्या इंजिनाचा, आधीच्या मालकाने रेडिएटरपुढे टांगून घेतलेला वाऱ्याचा कूलर होता तोच परत जोडला. पैसे वाचले. कूलर रॉकेलने धुतला, हवा मारली, काळे पाणी निघेपर्यंत धुतला आणि मग स्वच्छ निघू लागले.

त्या दिवशी आम्ही त्या गॅरेजात हजर होतो. उस्ताद आमचा जुना सोबती. त्याने ते स्वच्छ रॉकेल आम्हाला दाखवले आणि आम्ही, ज्यांनी आयुष्याची दहा वर्षे अशाच कामात घातली होती त्या आम्ही, “छान निघाला” असे म्हणालो.

जुने इंजिन मेले होते ते बेअरिंग जाऊन. बेअरिंग जाते म्हणजे तिच्या अंगचा मऊ धातू कणाकणाने सुटतो आणि तेलाबरोबर सर्वत्र फिरतो. त्यातला मोठा भाग फिल्टरमध्ये अडकतो. पण फिल्टर तुंबला किंवा तेल थंड व घट्ट असले की तेल उपाशी राहू नये म्हणून फिल्टरची बगल देणारी झडप उघडते आणि मग गाळलेले-न गाळलेले सगळे पुढे जाते. कूलरच्या आत चपट्या नळ्यांची ओळ असते. त्या नळ्यांत तेल घुसळून निघावे म्हणून पत्र्याच्या बारीक नागमोडी पट्ट्या भरलेल्या असतात. धातूचे कण त्या पट्ट्यांच्या कोपऱ्यांत जाऊन बसतात. आता तुम्ही रॉकेल ओता. नळ्या शेजारी शेजारी, समांतर; रॉकेल कोठून जाईल? मोकळ्या नळीतून. तुंबलेल्या नळीला ते शिवतही नाही. खालून स्वच्छ रॉकेल पडते आणि आपण समाधानाने मान हलवतो. पुढे उकळते तेल, रात्रंदिवस हादरे, घाटातला दाब. त्यांनी ते कण एक एक करून सुटतात.

यावर एक चूक आणखी झाली होती. उस्तादाने नळ्या अशा जोडल्या की तेल आधी फिल्टरमध्ये, नंतर कूलरमध्ये आणि तेथून थेट इंजिनात. चौकटीवर तसे सोयीचे पडत होते. क्रम उलटा असता, पंपातून कूलर, कूलरमधून फिल्टर आणि मग बेअरिंग, तर सुटलेले कण निदान फिल्टरने पुष्कळसे धरले असते. फिल्टर हा बेअरिंगाच्या दारातला शेवटचा पहारेकरी असला पाहिजे. येथे त्याच्या पाठीमागे घाण भरलेली खोली होती.

हे सगळे आम्हाला नंतर कळले. त्या वेळी आमच्यापुढे जाम झालेले इंजिन, कापला जाणारा पगार आणि ड्रायव्हरचे ते एक वाक्य एवढेच होते. आम्ही प्रथम चेंबर उतरवायला सांगितले. त्यात तेल होते, भरपूर होते. म्हणजे ‘तेल नव्हते’ हा आरोप तेथेच पडायला हवा होता; पण मालक म्हणाला, नंतर भरले असेल. मग फिल्टर कापला. आत चकाकी दिसेना. कोणी तरी चुंबक आणले. त्यालाही काही चिकटेना. येथे बरेच जण फसतात. बेअरिंगाच्या अस्तरात तांबे, शिसे, कथील किंवा ॲल्युमिनियम असते. यांतले काहीच चुंबकाला ओळखत नाही. तेव्हा चुंबक कोरडे निघाले म्हणजे तेल निर्मळ, असे नव्हे. फिल्टर स्वच्छ आणि बेअरिंगे ओरखडलेली, हे कोडे दोन रात्री आमच्या डोक्यात होते. तिसऱ्या दिवशी नळ्यांचा माग बोटाने काढीत गेलो, तेव्हा फिल्टर आधी आणि कूलर नंतर हे ध्यानात आले.

कूलर मालकासमोर करवतीने उभा कापला. नळ्यांच्या मधल्या ओळीत पिवळसर-करडा चिखल होता. तो पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरला तर जरीच्या चुऱ्यासारखा चमकला. मालक बराच वेळ काही बोलला नाही. त्याचे ८५,००० तर गेलेच होते, आणि ते कोणाकडून वसूल करायचे हा त्याचा प्रश्न आता अधिक अवघड झाला होता. आम्हाला त्याची कीव आली हे कबूल करतो; कामगार पुढाऱ्याने तसे म्हणू नये असा संकेत आहे, पण आली.

कायदा त्या वेळी काय होता हेही सांगणे जरूर आहे. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ याच्या कलम ७ प्रमाणे नुकसानीबद्दल पगार कापता येत असे, पण ते नुकसान त्या माणसाच्या हयगयीमुळे किंवा कसुरीमुळे सरळ झालेले असले पाहिजे. कलम १० प्रमाणे त्याला आधी कारण दाखवण्याची संधी द्यावी लागे आणि कपात प्रत्यक्ष नुकसानापेक्षा अधिक करता येत नसे. २०१३ साली दरमहा १८,००० रुपयांपर्यंतच्या पगारदारांना हे संरक्षण होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा वेतन संहिता, २०१९ हिने घेतली असली, तरी हयगय आणि कारण दाखवण्याची संधी या दोन्ही गोष्टी तिच्यात आहेत. आमच्या ड्रायव्हरला ना नोटीस मिळाली होती, ना कोणी विचारले होते. पण नुसते कलम दाखवून आम्ही फार तर कपात थांबवली असती. ‘तू इंजिन मारलेस’ हा डाग कलमाने धुतला नसता. तो त्या फडक्यावरच्या चुऱ्याने धुतला. दोन महिन्यांचे कापलेले ८,००० रुपये परत मिळाले. नोकरी मात्र परत मिळाली नाही. दोघांचेही मन उडाले होते.

त्यानंतर आम्ही इंजिन बदलीचे काम जेथे पाहतो तेथे आधी कूलर विचारतो. जे इंजिन बेअरिंग जाऊन मेले, त्याचा कूलर आणि त्याच्या तेलाच्या नळ्या नव्या इंजिनाला लावू नयेत, भंगारात द्याव्यात. मालकाला हे पटवणे कठीण जाते, कारण कूलर डोळ्यांना धडधाकट दिसतो.

नवा आणला तरी जागा हा मोठा प्रश्न. वाऱ्याचा कूलर गाडीच्या नाकाशी, बंपरमागे कोठे तरी टांगतात आणि महामार्गावर तो उत्तम चालतो. पण खोपोली सोडून खंडाळ्याकडे सुमारे पाचशे मीटर चढायचे तेव्हा भरलेली गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरात माणसाच्या चालीने जाते. इंजिन पूर्ण जोरात, वारा जवळजवळ नाही. ज्या घडीला कूलरची सर्वांत अधिक गरज, त्याच घडीला तो रिकामा उभा. म्हणून तो रेडिएटरच्या पंख्याच्या ओढीत असला पाहिजे, नाही तर त्याला स्वतःचा विजेचा पंखा हवा. रेडिएटरच्या अगदी पुढे बसवला तर रेडिएटरला गरम हवा मिळते, हेही खरे. अधिक ताकदीच्या इंजिनाला जुनाच लहान रेडिएटर ठेवला असेल तर मग पाणी उकळू लागते. या गोष्टीचा हिशेब गाडीगणिक निराळा.

आणखी एक गैरसमज आम्ही नेहमी ऐकतो. कूलरच्या दोन्ही नळ्यांना हात लावून लोक म्हणतात, “दोन्ही गरमच आहेत, कूलर चालत नाही.” अहो, मिनिटाला चाळीस लिटर तेल त्यातून धावत असते, एका फेरीत बारा किलोवॅट उष्णता काढून घेतली तरी तेल दहा अंशांनीच उतरते. शंभरचे नव्वद झालेले हाताला काय कळणार? हात मात्र भाजेल.

तेल फार थंड होणेही चांगले नव्हे, हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. इंजिनात डिझेल जळते तेव्हा पाणीही तयार होते आणि त्याची वाफ थोडीफार चेंबरमध्ये उतरते. तेल पुरेसे तापले तर ती उडून जाते. धक्क्यापासून गोदामापर्यंत दोन-तीन किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या गाडीला कायम उघडा मोठा कूलर लावला तर तेल कधी धड तापतच नाही, आणि झाकणाखाली पांढरट साय जमते. म्हणून तेल ऐंशी अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत त्याला कूलरकडे जाऊ न देणारी थर्मोस्टॅटची झडप हवी. ती असलेली जोडपट्टी, म्हणजे ब्लॉक आणि फिल्टर यांच्या मध्ये बसणारी ती दोन तोंडांची चकती, थोडी महाग पडते. घ्यावी.

नळ्यांविषयी जरा थांबून सांगतो, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे. रेडिएटरच्या पाण्याचा रबरी पाइप तेलाला लावलेला आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. पाण्यासाठी केलेले रबर तेलात फुगते, मऊ पडते आणि एके दिवशी फाटते. गरम इंजिनात तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला चार-पाच किलो असतो, पहाटे थंड इंजिन सुरू करताना तो पुष्कळ वर जातो. तेव्हा तेलासाठीच बनवलेली, तारेचे विणकाम असलेली, टोके यंत्राने दाबून बसवलेली नळी हवी. स्क्रूच्या क्लिपेने आवळलेली नव्हे. आतला व्यास निदान सोळा मिलिमीटर, नाही तर नळीच तेलाचा गळा आवळते. इंजिन रबरी पायांवर डुलते आणि चौकट डुलत नाही, म्हणून नळीला थोडी ढील हवी; आणि ती चौकटीच्या धारेला घासू नये. चेंबरमध्ये पंधरा लिटर तेल आणि मिनिटाला चाळीस लिटरचा पंप: नळी फुटली तर वीस-बावीस सेकंदांत चेंबर कोरडे! ड्रायव्हरची नजर तेव्हा वळणावर असते, काट्यावर नव्हे. ते तेल टर्बोच्या लालबुंद अंगावर उडाले तर गाडी पेटते. नळी बसवणाराने आपल्याला केबिनमध्ये बसलेले कल्पून ती बसवावी.

बसवताना कूलरची तोंडे वर ठेवावीत, म्हणजे हवा अडकत नाही. तो आधी तेलाने भरावा, इंजिन डिझेल बंद ठेवून नुसते फिरवावे, दाबाचा काटा हलला की मगच चालू करावे. कूलर आणि नळ्या मिळून दीड-दोन लिटर तेल गिळतात, म्हणून पाच मिनिटांनी बंद करून पट्टी पुन्हा पाहावी. पाचशे किलोमीटरनी फिल्टर बदलावा आणि जुना फेकून न देता कापून पाहावा. आणि बदललेल्या इंजिनाचा नंबर पेणच्या परिवहन कार्यालयात नोंदवून घ्यावा; अपघात झाला तर विमा कंपनी प्रथम तेच विचारते.

खाडीतल्या होड्यांचे दोन शब्द. कोकणच्या किनाऱ्यावर ट्रकचे इंजिन होडीत बसवण्याची चाल जुनी आहे. होडीच्या पोटात वारा नाही, त्यामुळे तेथे कूलर पाण्याचाच, आणि पाणी खारे. खारे पाणी नळ्यांना खाते, म्हणून कूलरमध्ये जस्ताची कांडी ठेवतात. पाणी आधी ती खाते. कांडी संपली की नळीची पाळी. धरमतरच्या खाडीत गाळही पुष्कळ. ओहोटीला नळ्या चिखलाने भरतात. अशा पाण्याच्या कूलरला आतून भोक पडले तर इंजिन चालू असताना तेलाचा दाब अधिक म्हणून तेल पाण्यात जाते आणि बंद केल्यावर कित्येकदा पाणी तेलात उतरते. पट्टीवर तेल दुधाच्या कॉफीसारखे दिसले की त्या दिवशी होडी सोडू नये.

व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी विचारले की, आमच्या घरच्या मोटारीला हा कूलर लावून घ्यावा काय. मूळ इंजिन असेल आणि बनवणाऱ्याने दिला नसेल, तर नको. इंजिन बदलले असेल तर नव्या इंजिनाला मुळात कूलर होता की नाही एवढे त्या इंजिनाच्या पुस्तकात पाहावे, आणि होता असेल तर तो कोठे गेला, हे उस्तादाला विचारावे.